मिलटँकचं मिल्क ड्रिंक: व्हिटनीला कसं हरवायचं आणि स्वतःच्या गाईला ही चाल ठेवायची का?

तुझे दोन प्रश्न आहेत. दारव्ह्याकडच्या गावात, मामेभावाच्या जुन्या डीएसवर पोकेमॉनचा हार्टगोल्ड गेम खेळताना जिम लीडर व्हिटनीची मिलटँक, म्हणजे तिची गाईसारखी पोकेमॉन, सारखी दूध पिऊन परत उभी राहते, तिचं काय करू? आणि पुढे स्वतःची मिलटँक पकडली तर मिल्क ड्रिंक ही दूध पिण्याची चाल ठेवू की काढून टाकू? दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, म्हणून सावकाश वाच.

मिल्क ड्रिंक १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून आहे. कमाल एचपीच्या, म्हणजे पूर्ण जीवाच्या, निम्मं परत मिळतं आणि तुझ्या गेममध्ये तिचे पीपी १० आहेत, म्हणजे ती दहा वेळा वापरता येते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दूध पिताना मिलटँकची एक पाळी जाते आणि त्या पाळीत ती तुला मारू शकत नाही, तिकडे कोणी बघत नाही. म्हणून आधी एवढंच तपास: तुझा एक फटका तिच्या निम्म्यापेक्षा जास्त नेतो की कमी? कमी नेत असेल तर ती दहा वेळा भरून काढेल आणि तू तिथंच अडकशील. जास्त नेत असेल तर प्रत्येक घोटाला ती मागेच पडत जाते.

व्हिटनीची मिलटँक लेव्हल १९ ची आहे, एचपी साधारण ६५ ते ७०. म्हणजे एका दुधात ३२ ते ३५ परत. आता गोल्डनरॉडच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पाचव्या मजल्यावर जा. तिथं ड्राउझी दिली की माचॉप मिळतो. ड्राउझी शहराच्या दक्षिणेला रूट ३४ वर सापडते. हा माचॉप मादी आहे, हे फार कामाचं. मिलटँक नेहमी मादीच असते, त्यामुळे तिचं अट्रॅक्ट, म्हणजे समोरच्या नराला भुलवून त्याची पाळी खाणारी चाल, मादीवर चालत नाही. शिवाय तिचं रोलआऊट रॉक प्रकारचं आहे, ते माचॉपसारख्या फायटिंग प्रकारावर निम्मंच लागतं.

माचॉपचं लो किक समोरच्याच्या वजनावर चालतं. मिलटँक ७५.५ किलोची, म्हणून ताकद ८० धरली जाते आणि फायटिंग प्रकारची लाथ असल्यानं मिलटँकसारख्या नॉर्मल प्रकारावर ती दुप्पट पडते. लेव्हल १८ च्या आसपासचा माचॉप एका लो किकमध्ये तिचं जवळपास निम्मं एचपी नेतो. बाप्पा, इथंच सगळे फसतात! निम्मं नेलं, तिनं निम्मं प्यायलं, पुन्हा निम्मं नेलं. तिचा वेग माचॉपच्या कितीतरी पुढे आहे, म्हणून तुझी लाथ बसायच्या आधीच ती पिऊन मोकळी होते.

यावर उपाय लीअरचा. लीअर एकदा लागलं की तिचा डिफेन्स उतरतो आणि लो किक दीडपटीच्या आसपास जातं, म्हणजे निम्म्याऐवजी पाऊण एचपी. मग ती प्यायली तरी पाऊणच्या आसपासच येते आणि पुढच्या लाथेत बसते. लीअर माचॉपकडून मारू नकोस. तिचं स्टॉम्प त्याला दोन-तीन फटक्यांत आडवं करतं आणि मध्ये दचकवून पाळीही खातं. सुरुवातीला निवडलेला पोकेमॉन टोटोडाइल किंवा सिंडाक्विल असेल तर त्याला पहिल्यापासून लीअर येतं, त्यांच्याकडून ते काम कर. ते पडले तर पडू दे, त्यानंतर माचॉपला फुकटात पुढे आणता येतं. माचॉपची लेव्हल मात्र २० पर्यंत ने.

ती रोलआऊट सुरू करते तेव्हा घाबरू नकोस. पाच पाळ्या ती त्यातच अडकते, ३० पासून सुरू होऊन ताकद दर पाळीला दुप्पट होते, पण तेवढा वेळ दूध पिणं बंद. मारायची सर्वांत चांगली वेळ तीच. गॅस्टली आणायचा विचार असेल तर सोड. गॅस्टली घोस्ट प्रकारचा, पण हार्टगोल्डमध्ये तिला स्क्रॅपी ही क्षमता आहे, त्यामुळे घोस्टलाही स्टॉम्प लागतं. झोपवायचं किंवा विष द्यायचं तर पहिल्यांदा तिच्याजवळची लम बेरी ते पुसून टाकेल, हेही धरून चाल.

आता तुझी स्वतःची मिलटँक. ती रूट ३८ आणि ३९ वर सापडते. तिथंच मूमू फार्म आहे आणि कोठ्यात एक आजारी मिलटँक पडलेली असते. तिला सात ओरान बेऱ्या खाऊ घाल, घाई करून पुढे जाऊ नकोस. आपल्याकडे गाय बसली की घरात कोणाला घास गोड लागत नाही, आणि बनवणाऱ्यांनी ती काळजी गेममध्ये ठेवली, हे मला फार आवडतं. गाय बरी झाली की तिथं मूमू मिल्क ५०० ला विकत मिळतं, १०० एचपी भरतं. सुपर पोशन ७०० ला ५० एचपी देतं, तेव्हा पैसे कुठं घालायचे ते तूच बघ.

मिल्क ड्रिंक ठेवच. एचपी ९५, डिफेन्स १०५ आणि वेग १०० असे तिचे मूळ आकडे आहेत. अंगावर घेणारी आणि वर वेगवान, असे पोकेमॉन थोडे. वेगामुळे समोरच्याचा घाव बसायच्या आधीच ती दूध पिते, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत थांबता येतं: पुढचा घाव आपल्याला पाडेल असं दिसलं की मगच पी. हळू चालणाऱ्या पोकेमॉनला हे जमत नाही, त्याला एक पाळी आधीच भरून घ्यावं लागतं. रात्री थ्री फेजची लाईन आली की आपण कपाशीला पाणी द्यायला धावतो, कारण ती वेळ गेली की मोटार बंद. पाळीचं तसंच आहे. निम्म्याहून जास्त एचपी शिल्लक असताना दूध पिणं म्हणजे ओल्या वावरात पुन्हा पाणी सोडणं.

तिच्यासोबत डिफेन्स कर्ल आणि रोलआऊट ठेव. कर्लनं डिफेन्स वाढतो आणि त्यानंतरचं रोलआऊट दुप्पट लागतं. अंगावर येऊन मारणारा समोर असेल तर दोन कर्लनंतर त्याचे घाव निम्म्यावर येतात आणि मग प्रत्येक दूध तुला नफ्यात ठेवतं. स्पेशल मारणाऱ्यासमोर हे चालणार नाही. तिचा स्पेशल डिफेन्स ७० आहे, तिथं दुसऱ्याला पाठव.

लढाईबाहेर मेनूतून मिल्क ड्रिंक वापरलं तर ती स्वतःच्या कमाल एचपीचा पाचवा हिस्सा दुसऱ्याला देते. गुहेत लांब अडकला असशील आणि पिशवी रिकामी असेल तर हे खरंच वाचवतं.

मामेभावाशी केबलविना लढशील तेव्हा एका गोष्टीला जप. त्याच्याकडे टॉन्ट असेल तर काही पाळ्या दूध बंद, कारण त्या चालीनंतर फक्त मारायच्या चालीच वापरता येतात. तेव्हा चौथी जागा बॉडी स्लॅमला दे, म्हणजे टॉन्ट लागलं तरी हाती काहीतरी राहतं. आणि पुढे स्विचवर स्कार्लेट-व्हायोलेट मिळालं तर लक्षात ठेव, २०२२ च्या त्या गेममध्ये मिल्क ड्रिंक, रिकव्हर, रूस्ट या एचपी भरणाऱ्या चालींचे पीपी १० वरून ५ केलेत. तिथं पाच घोटांतच लढाई संपवावी लागते.

माचॉप घेतल्यावर काय झालं ते इथं लिही. लेव्हल कमी पडली तर टीममध्ये कोण कोण आहे तेही सांग, मग बघू.