अल्बुकर्कीला आई-बाबा येतायत, वय सत्तरच्या आसपास. रिंकोनाडा कॅन्यनचा ट्रेल त्यांना जमेल का, की नुसते दगडावरचे ओरखडे आहेत आणि वेळ वाया जाईल?

जमेल. उत्तर खरं तर एवढंच होतं, पण तुम्ही 'दगडावरचे ओरखडे' लिहिलंत आणि माझी सकाळ गेली. हाच शब्द माझ्या सख्ख्या भावाने वापरला होता, त्याच्यावर येतेच.

हा ट्रेल न्यू मेक्सिकोतल्या पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंटमध्ये आहे, म्हणजे दगडांवर कोरलेल्या जुन्या चित्रांच्या राखीव जागेत. २.२ मैलांचा आहे, म्हणजे साडेतीन किलोमीटर, गोल फिरून परत गाडीपाशी. कॅन्यन म्हटलं की लोक खोल दरी समजतात, तसलं काही नाही. रिंकोनाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये कोपरा, तसाच आहे तो, तीन बाजूंनी काळ्या दगडांचा उतार आणि मध्ये वाळू न् झुडपं. चढ जवळपास नाहीच. बघायची चित्रं सगळी जाताना उजव्या हाताच्या उतारावर आहेत, परत येताना मधून वाळू तुडवत यायचं. दीड तास पुरतो म्हणतात. आम्हाला तीन लागले, कारण बाबा.

२०२२ च्या ऑक्टोबरात, इथल्या हॉट एअर बलूनच्या उत्सवाच्या दिवसांत, आई-बाबा आले होते. बाबा तेव्हा ७४, एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर उभं राहून गुडघे गेलेले. दादाचा न्यू जर्सीहून फोन, की त्यांना उन्हात ओरखडे बघायला कशाला फिरवतेस, मॉलला ने, एसीत बसतील. मॉलला आदल्या दिवशीच नेलं होतं, दोघं एका बाकावर बसून माझी पिशवी सांभाळत होते.

तर गेलो. पहिली पंधरा मिनिटं बाबा काही बोलले नाहीत, आई मात्र प्रत्येक बोर्ड वाचून हात लावू नका, हात लावू नका (हाताच्या तेलाने खराब होतात म्हणून खरंच लावायचा नसतो). मग एका दगडावर हाताचे पंजे आले, शेजारी एक पक्षी, वरती गोल गोल वळत गेलेली रेघ. बाबा थांबले, काठी टेकवली आणि म्हणाले, "अगो, हे आमच्या सड्यावरचंच की."

आमचं गाव कोकणात, राजापूरकडे. तिथल्या सड्यांवरच्या, म्हणजे सपाट जांभ्याच्या माळांवरच्या, कातळशिल्पांबद्दल (कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांबद्दल) आता सगळ्यांनाच माहितीये, बारसू, देवाचे गोठणे, कशेळीचा तो १८ मीटरच्या आसपासचा हत्ती, २०२२ मध्येच युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण बाबांच्या लहानपणी त्याला काही नाव नव्हतं. ते गुरं घेऊन सड्यावर जायचे आणि तिथे एक मोठी आकृती होती, दोन पाय, मध्ये चौकोनी अंग. पोरं त्याला राकस म्हणायची. पावसात त्याच्या रेघांत पाणी साठायचं आणि हे त्यात पानांच्या होड्या सोडायचे, पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत कुणाची होडी आधी पोचते त्याची शर्यत. हे मला चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं, न्यू मेक्सिकोत वाळूत उभं राहून सांगितलं.

मग सुरू झाले प्रश्न. हे उभ्या दगडावर का, आमचे तर आडवे? म्हटलं तुमचा जांभा सपाट, त्यावर चढून खालीच बघायचं, इथे ज्वालामुखीचा काळा दगड फुटून उतारावर पडलेला, हजारो वर्षांत त्याला वरून आणखी काळी साय धरलीये, ती दगडाने ठोकून काढली की आतला फिका रंग दिसतो. किती जुनं? बहुतेक ४०० ते ७०० वर्षं, प्वेब्लो लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, पूर्वजांचं, आणि मध्येमध्ये क्रॉस दिसतात ते नंतरच्या स्पॅनिश वस्तीवाल्यांचे. बाबा म्हणाले म्हणजे आपलं जास्त जुनं, आणि जरा ताठ झाले.

आणि मग हळूच, "राकस आता कुणाच्या तरी घराच्या जोत्यात असेल."

कारण तो सडा चिरेखाणीला दिला गेला. सामाईक जमीन, पडीक कातळ, गवताशिवाय काही उगवत नाही, वगैरे वगैरे सगळं दादानेच समजावलं होतं, बाबांची सही घेतली, मला फोनसुद्धा नाही. नंतर मी विचारलं की तिथे चित्रं होती म्हणतात गावात, तर म्हणाला ओरखडे होते गं दगडावर, त्याचे काय पैसे येणार होते. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, मीही बघितले नव्हते ना. आता आहे. दादा, वाचत असशील तर, साडेतीन किलोमीटर चाललेत ते त्या गुडघ्यांनी, ओरखड्यांसाठी, आणि मॉलमध्ये दहा मिनिटांत दमले होते. पंज्यांचा फोटो त्याला तिथूनच पाठवला होता, त्याने अंगठा टाकला.

इथले लोक फार शहाणे असंही नाही. १९९८ ला अमेरिकेच्या संसदेने रस्त्यासाठी या मॉन्युमेंटमधली साडेआठ एकर जागा काढून दिली, प्वेब्लो लोक विरोध करत असताना. पासेओ देल नॉर्ते नावाचा रस्ता तो. मी रोज त्यावरूनच ऑफिसला जाते, सोयीचा आहे.

असो. तुमचे आई-बाबा माझे बाबा नाहीत हे कबूल, त्यांना कंटाळाही येईल, आणि वाळू खरंच त्रास देते, बारीक टोकाची काठी रुतते, रुंद रबराची घ्या. सावली अजिबात नाही, उन्हाळ्यात सकाळी लवकर जा नाहीतर जाऊच नका, शहर पाच हजार फुटांवर आहे, पहिल्याच दिवशी नेलंत तर धाप लागेल. रॅटलस्नेक असतात, दगडांत हात घालू नका. गाडीत पर्स ठेवू नका, आणि पार्किंगचं गेट संध्याकाळी बंद करतात. गुडघे फारच वाईट असतील तर याच मॉन्युमेंटमधलं बोका नेग्रा बघा, तिथल्या वाटा छोट्या आणि थोड्याफार फरसबंद आहेत, नळ आहे, पार्किंगला एक-दोन डॉलर पडतात. रिंकोनाडा फुकट आहे पण पाणी घरून न्यायचं, माणशी एक बाटली पुरत नाही.