इंडेम्निटी फॉर्मवर सही केली म्हणजे सगळे हक्क गेले, असं नसतं

ताई, तुमचा मेसेज वाचला, आईंचा हात लवकर बरा होऊ दे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या या ताईंनी डिसेंबरात स्वतःसाठी आणि ५८ वर्षांच्या आईसाठी उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक बुक केला, जाहिरातीत 'स्मॉल ग्रुप, जास्तीत जास्त १० जण', आणि सांक्रीला, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावी, पोचून बघतात तर २३ जण, गाईड एकच, तो पुढे, बॅक लीडला, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून लक्ष ठेवायला, कोणीच नाही. आईंच्या मायक्रोस्पाईकचा (बर्फात घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे) रबर तुटका होता, तो सुतळीने बांधून दिला, समिटवरून उतरताना तोच निसटला आणि मनगट मोडलं. आता कंपनी म्हणते तुम्ही इंडेम्निटी फॉर्मवर, म्हणजे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही अशा कागदावर, सही केलीय, आणि केस करायचीच तर डेहराडूनला या.

दोन्हीला घाबरू नका. फॉर्मवर सही करून तुम्ही एवढंच मान्य केलंत की डोंगरात धोका असतो. हवा बिघडली, किंवा सगळं सामान धड असूनही पाय घसरला, तर ग्राहक आयोग कंपनीचं ऐकू शकतो. पण तुटका स्पाईक सुतळीने बांधून देणं डोंगराने केलेलं नाही, ते त्यांच्या माणसाने केलंय, आणि १० सांगून २३ जण नेणं तर सरळसरळ फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, कलम २(११), तिच्यात निष्काळजीपणा धरलेलाच आहे.

डेहराडूनचं म्हणाल तर कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकलाच. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. फी बघताना तुम्ही ट्रेकचे किती पैसे भरले ते बघतात, भरपाई किती मागताय ते नाही, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत घटनेपासून २ वर्षं. पैसे तुम्ही भरले असले तरी तक्रारीत आईंचं नाव घालाच, सेवा त्यांनीही घेतलीय.

खरं काम पुराव्याचं आहे आणि ते आजच करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, ते कधीही बदलतील. ट्रेकचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, २३ जण होते हे तिथूनच सिद्ध होईल, आणि दोघातिघांना विचारून बघा प्रतिज्ञापत्र देतील का. सुतळी दिसतेय असा एखादा फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये नक्की असेल, तो मिळवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, म्हणजे तो पुरावा कुठल्या मोबाईलमधून कसा काढला ते लिहून दिलेला दाखला, जोडावं लागतं. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं हेही हवंच. आणि आईंनी मेडिकल फॉर्ममध्ये बीपी, गुडघा असं काही लपवलं असेल तर मला आधीच सांगा, कारण समोरचा वकील पहिलं तेच काढणार.

मग स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. मागणी वाजवी ठेवा: ट्रेकचे पैसे, उपचाराचा खर्च, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. पन्नास लाख मागितले म्हणून जास्त मिळत नाहीत.

ते ५ हजारांचं व्हाउचर देतो म्हणताहेत ना, ते 'फुल अँड फायनल' लिहिलेल्या कागदावर सही करून अजिबात घेऊ नका, या सहीला मात्र आयोग वजन देतो.