‘विश्वस्थ’ नव्हे हो!

प्रश्न असा आला आहे: ‘विश्वस्त’ आणि ‘न्यासी’ यांत फरक काय, आणि ट्रस्टला म्हणतात तो ‘न्यास’ हा शब्द मराठी की हिंदी?

आधी मला चिडू द्या. सभेच्या नोटिशीत, पावतीपुस्तकावर, पितळी पाटीवरसुद्धा ‘विश्वस्थ मंडळ’! ‘स्वस्थ’ पाहून कुणीतरी तो थ उचलला. ‘स्वस्थ’मध्ये ‘स्था’ धातू आहे. इथे ‘श्वस्’, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्या भरवशावर मोकळा श्वास घ्यावा, तो विश्वस्त. विश्वस्थ म्हणजे फार तर विश्वात राहणारा, आणि ते तर आपण सगळेच.

न्यास म्हणजे नि + अस्, खाली ठेवणे. पूजेतल्या अंगन्यासात बोटे अवयवांवर ठेवतात. संन्यास हा त्याचाच सख्खा भाऊ, त्यात सगळेच खाली ठेवायचे. शाकुंतलातला कण्व लेकीची पाठवणी करून म्हणतो, ठेव परत केल्यासारखे मन हलके झाले. तिथे ठेवीला शब्द ‘न्यास’च आहे. तेव्हा ‘हिंदीतून घुसलाय, हाकला’ म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी संस्कृत उघडावे. सरकारने तर दोन्ही ठेवलेत: कायदा ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’, कार्यालय ‘सार्वजनिक न्यास नोंदणी’चे. नागपुरात आणखी वर ‘सुधार प्रन्यास’.

आता खरी गंमत. खासगी न्यासांसाठीच्या १८८२च्या कायद्यात, कलम ३ मध्ये, ट्रस्टची व्याख्या आहे: मालकावर ठेवलेल्या आणि त्याने पत्करलेल्या विश्वासातून येणारे, मालकीला चिकटलेले बंधन. मराठीत विश्वास करत नाहीत, ठेवतात. आणि ‘ठेवणे’ आले ‘स्थापयति’वरून, प्राकृत ‘ठवेइ’मार्गे. म्हणजे ‘विश्वस्थ’वाल्यांना हवा असलेला ‘स्था’ क्रियापदात आहेच! त्यांच्या कानात तोच घुमत असावा, असे माझे मत. ओळखीचे एक व्याकरणवाले याला कल्पनाविलास म्हणतात. म्हणोत. ‘थ आला कुठून’ याला त्यांच्याकडे ‘अज्ञान’ यापलीकडे उत्तर नाही.

‘ट्रस्टचे मालक’ म्हणून मिरवणाऱ्यांनी व्याख्येतले ‘बंधन’ वाचावे. मालमत्ता नावावर असते, पण कलम ५१ प्रमाणे तिच्यातून स्वतःचा फायदा काढता येत नाही. सार्वजनिक ट्रस्टची जमीन विकायची तर वर आलेल्या महाराष्ट्राच्या अधिनियमाच्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. मालकाला अशी मंजुरी मागावी लागते का?

हां, तुमचा फरक. न्यास ही व्यवस्था, विश्वस्त हा माणूस. ‘न्यासी’ म्हणजेही तोच माणूस, तो शब्द चूक नाही. मी वापरत नाही इतकेच.