तो बॉक्स आधी घराबाहेर काढा

ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा त्याच वाक्यावर अडकले. मागच्या महिन्यात आणलेलं मांजराचं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं, आणि आता पार्किंगमध्ये सापडलेली दोन पिल्लं तुम्ही त्याच बॉक्समध्ये, त्याच टॉवेलवर ठेवलीत, फिनाईलने पुसून. बाकी दूध किती पाजायचं, पिसवांना काय लावायचं हे सगळं नंतर. आधी ती दोन पिल्लं उचला, पहिलं पिल्लू जिथे कधीच गेलं नव्हतं अशा खोलीत न्या, नवीन खोका, पहिल्या पिल्लाच्या जवळपासही न गेलेलं कापड, आणि मगच पुढचं वाचा.

आमचं घर नाशिकला, तळमजला, मागे बोळ. एका पावसाळ्यात त्या बोळात वॉशिंग मशीनच्या जुन्या थर्माकोलमध्ये तीन पिल्लं सापडली. आई येते का म्हणून माझ्या मुलीने पूर्ण दिवस खिडकीतून लांबून पाहिलं, नाही आली, रात्री आत आणली. एक काळं, एक ठिपक्याठिपक्यांचं, एक पिवळा बोका. सगळं घर त्यात गुंतलं, सासूबाईंनी त्यांची जुनी नऊवारी फाडून गाद्या केल्या, रात्री दोनचं आणि पाचचं दूध मिस्टर पाजायचे. तीन आठवडे छान गेले. मग एका सकाळी काळं खाईना. दुपारी पिवळसर फेसाची उलटी केली आणि पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसलं, मान वाटीवर लोंबत होती, नाक पाण्याला टेकत होतं पण पीत नव्हतं. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. कुणाचंही पिल्लू असं वाटीवर मान टाकून बसलं तर उद्या बघू म्हणू नका, तासाभरात दवाखाना गाठा.

आम्ही गाठला होता. तिथे हातही न लावता सांगितलं, दूध बाधलंय, जंत असतील, हे सिरप द्या. दोन दिवस त्या सिरपवर गेले. काळं गेलं, बोका पडला, मग दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर त्या डॉक्टरांनी शीचा नमुना घेऊन कुत्र्यांच्या पार्व्होची (त्यांचा उलट्या-जुलाबाचा व्हायरस) जी किट असते तिच्यावरच टेस्ट केली (मांजराचा व्हायरस जवळचाच असल्यामुळे त्यावर दिसतो), रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे पांढऱ्या पेशी संपवणारा मांजरांचा व्हायरसचा आजार. यावर थेट मारा करणारं औषध नाही, सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक असं करून शरीराला तग धरायला मदत करायची, बास. बोका गेला. ठिपकी वाचली, ती आत्ता माझ्या शेजारी झोपली आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं, कारण ती चूक पूर्णपणे आमची होती. आम्ही घर फिनाईलने धुतलं. दोनदा. घरभर तो वास, आपल्याला लहानपणापासून सवयच आहे ना की फिनाईलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ झाली. वेताची टोपली उन्हात ठेवली, गाद्या धुऊन घडी करून कपाटात ठेवल्या. दिवाळीच्या आधी देवळामागून सासूबाईंनी एक पांढरं पिल्लू आणलं, गुटगुटीत, खेळकर, आणि मी स्वतःच्या हाताने त्याला त्या टोपलीत ठेवलं. सहाव्या दिवशी फेसाची उलटी. आठव्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, आधीच्या पिल्लांचं सामान टाकलं होतं का. हा व्हायरस घरात वर्षभरही टिकू शकतो, कापडात, टोपलीच्या विणीत, चपलांच्या तळाला, आणि फिनाईलने तो मरत नाही हे मला आधी कुणी सांगितलं नाही, पहिल्या दवाखान्याने नाही, सल्ले देणाऱ्या शेजाऱ्यांपैकी कुणी नाही. वर फिनाईल मांजरांना विषारीच, त्यांचं यकृत ते पचवू शकत नाही आणि ती पाय चाटतात. मांजर असलेल्या घरात फिनाईल नकोच, हे माझं ठाम मत आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल.

मरतो तो ब्लीचने. आधी साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ धुवायची कारण घाण असेल तर ब्लीच काम करत नाही, मग कपड्यांचं साधं लिक्विड ब्लीच, लिटरभर पाण्याला ३० मिली, फरशी किमान दहा मिनिटं ओली राहू द्यायची, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळेपर्यंत पिल्लं आत नाहीत. ब्लीचमध्ये ॲसिड, फिनाईल, टॉयलेट क्लीनर काहीही मिसळू नका, विषारी वाफ होते. आणि ज्याला ब्लीच लावता येत नाही, खोका, टोपली, मऊ खेळणी, ते पिशवीत बांधून टाकून द्या. जीव अडकतो, मला माहितीये, त्या गाद्या टाकताना सासूबाई रडल्या होत्या.

मी डॉक्टर नाही, तुमचं आधीचं पिल्लू कशाने गेलं ते मला इथून कळणार नाही, कदाचित वेगळंच काही असेल. पण तोच आजार होता असं धरून चाललात तर नुकसान काहीच नाही. डगमगत चालतात म्हणताय म्हणजे तीन-चार आठवड्यांची असावीत, लसीला अजून लहान. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस असतो, एका डोसवर थांबू नका. तोवर डॉक्टरांना आजच फोन करून आधीच्या पिल्लाचं सगळं सांगा. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करा, या वयात दिवसाला साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं, घसरलं की समजायचं काहीतरी बिघडलंय. गाईचं दूध नको, पिल्लांची दूध पावडर मिळते, आणि अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. कुत्र्याची गोचीड-पावडर आणि आपली तापाची पॅरासिटामॉल गोळी, दोन्हीने मांजर मरू शकतं, चुकूनही नाही.

पिल्लांची आई दिसली तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, अंगावर पाजत असतानाही ती परत गाभण राहू शकते. आमच्या बोळातल्या एका भाटीच्या ऑपरेशनसाठी मी एका सरकारी ऑफिसात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा अर्ज चुकीचा, तिसऱ्यांदा "मॅडम, आमच्याकडे फक्त कुत्र्यांचं होतं". २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत मांजरंही आहेत, मी प्रिंट काढून नेली होती, त्यांनी ती वाचली सुद्धा नाही. त्या महिनाभरात ती भाटी परत व्यायली, चार पिल्लं, पावसात एकच हाताला लागलं. शेवटी खाजगीत पैसे भरून केलं. म्हणून माझं म्हणणं, अर्ज जरूर द्या आणि पोच घ्या, पण त्यांच्यावर विसंबून थांबू नका.

घरात मुलं आहेत म्हणून एक, कुणाला चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी जा, पिल्लू केवढंसं आहे म्हणून सोडू नका.

दोघांचं आजचं वजन आणि शी कशी होतेय ते संध्याकाळी इथे लिहा. रात्री उलटी झाली तर कितीही वाजले असले तरी मेसेज करा, मी जागी असते.