सपाट छपरावरचे बिटुमेन मेम्ब्रेन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोदामाच्या स्लॅबवर वर्षापूर्वी 4 मिमीचे मेम्ब्रेन (डांबराचा पाणीरोधक पडदा) टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने तापवून, चिकटवून घेतले. आता उन्हाळ्यात बशीएवढे फुगे आले आहेत. ठेकेदार म्हणतो, टाचणीने टोचून हवा काढली की झाले. खरे आहे का?

नाही. टोचू नका. फुगा हवेचा दिसतो, पण बहुतेक वेळा तो ओलाव्याचा असतो. स्लॅब पूर्ण वाळण्याआधी, किंवा सकाळचे दव पुसून न घेता काम उरकले, की ते पाणी मेम्ब्रेनखाली अडकते. दुपारी काळे छप्पर 70 अंशांच्या आसपास तापते, ओलाव्याची वाफ होते आणि जिथे पडदा नीट चिकटलेला नाही तिथे ती तो उचलते. रात्री वाफ निवते, पण ताणलेला पडदा पुरता खाली बसत नाही. आत जी पोकळी राहते ती आसपासचा ओलावा ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी फुगा थोडा आणखी पसरतो. म्हणून बशीएवढा फुगा पुढच्या उन्हाळ्यात परातीएवढा झालेला दिसतो. टाचणीचे भोक म्हणजे पावसाच्या पाण्याला आत जायला वाट.

फुगा लहान असेल, घट्ट असेल, सांध्यापासून आणि पायवाटेपासून लांब असेल, तर त्याला हात लावू नका. फक्त नोंद ठेवा आणि भोवती खडूने रेघ मारा. रेघेबाहेर गेला किंवा सांध्याकडे सरकला, तर दुरुस्ती करा. धारदार चाकूने फुगीवर फुलीचा छेद द्या, चारी पाकळ्या मागे वळवा आणि आतला भाग कोरडा होऊ द्या. घाई असेल तर मंद ज्योतीने वाळवा. प्रायमर (मेम्ब्रेन धरावे म्हणून आधी लावायचे पातळ डांबर) मारा, तो सुकला की पाकळ्या तापवून एकेक खाली दाबा. वरून त्याच जातीच्या मेम्ब्रेनचे ठिगळ लावा. ते छेदाच्या प्रत्येक टोकापलीकडे किमान 150 मिमी जायला हवे आणि त्याचे कोपरे गोल कापलेले हवेत, कारण चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो. मूळ पृष्ठभाग खडीच्या बारीक कणांचा असेल, तर ठिगळाखाली येणारे कण तापवून थापीने डांबरात बुडवा. कोरड्या कणांवर काहीच धरत नाही.

छपरावर असे फुगे डझनांनी असतील, तर दोष एखाद्या जागेचा नसून खालच्या ओलाव्याचा आहे. तिथे ठिगळे लावणे म्हणजे पैसे आणि श्रम दोन्ही वाया.

प्रश्न : नवे काम करायचे आहे. स्लॅब कोरडा झाला हे कसे ओळखावे?

नव्या काँक्रीटला 28 दिवस द्या. मग सुमारे 45 सेंमी चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक स्लॅबवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि किमान 16 तास तसेच राहू द्या. आत थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद झाले, तर थांबा. ही चाचणी एकाच जागी करून भागत नाही. सखल भागात आणि कठड्याच्या सावलीत ती हमखास करा, ओल तिथेच टिकते.

प्रश्न : 20 × 21 मीटरच्या छताला किती रोल लागतील? दुकानदार 42 म्हणतो, ठेकेदार 55.

ठेकेदाराचा हिशेब बरोबर आहे. रोल 1 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो, पण बाजूच्या सांध्यात 100 मिमी आणि टोकाच्या सांध्यात 150 मिमी एकावर एक येतात. म्हणजे उपयोगी माप 0.9 × 9.85, सुमारे 8.87 चौ. मी. 420 ला त्याने भागले की 47.4, म्हणून सपाट भागाला 48 रोल. कठड्याचा परीघ 82 मीटर. तिथे 500 मिमी लांबीचे तुकडे आडवे कापून लावले, तर प्रत्येकी 0.9 मीटर अंतर झाकले जाते आणि 92 तुकडे लागतात. एका रोलमधून 20 तुकडे, म्हणजे आणखी 5 रोल. आउटलेट (पावसाचे पाणी उतरण्याचे तोंड), पाइप आणि कोपरे यांसाठी 2 धरले की 55. हा एका थराचा हिशेब आहे. प्रायमर चौरस मीटरला 0.3 लिटर धरा, कठड्यासह साधारण 135 लिटर.

दोन थर बसवणार असाल, तर वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. अर्ध्या रुंदीने सरकवून सुरुवात करा.

प्रश्न : टॉर्चचे काम चालू असताना मालकाने नेमके काय पाहावे?

सांध्याच्या कडेला पाहा. नीट तापवलेल्या सांध्यातून वितळलेल्या डांबराची 5 ते 10 मिमी रुंदीची सलग, चकचकीत धार बाहेर येते. धार तुटक असेल, तर तिथे सांधा नीट चिकटलेला नाही. फार रुंद असेल, काळा धूर निघत असेल किंवा मेम्ब्रेनच्या आतले पॉलिएस्टरचे धागे दिसू लागले असतील, तर माल जळाला आहे. खालच्या बाजूची पातळ प्लास्टिक फिल्म पूर्ण वितळून पृष्ठभाग ओला चमकला, की रोल पुढे ढकलायचा. ज्योत बहुतेक रोलवर आणि थोडी स्लॅबवर हवी. नुसती स्लॅबवर धरली तर रोल थंडच बसतो.

काम सखल बाजूने, म्हणजे आउटलेटकडून सुरू झालेले हवे, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी सांध्यावरून घरंगळते. जिथे तीन पट्टे एकत्र येतात तिथे मधल्या पट्ट्याचा कोपरा तिरका कापलेला आहे ना, हे वाकून पाहा. तो न कापल्यास जाडीच्या पायरीखाली बारीक नळीसारखी पोकळी राहते आणि गळती तिथून सुरू होते. सांधे थंड झाल्यावर थापीचे टोक कडेने सगळीकडे फिरवा. आत शिरले तर तो भाग पुन्हा तापवा.

कठड्याशी 45 अंशांचा, 50 मिमीचा वाटा (कोपऱ्यातली गिलाव्याची तिरकी पट्टी) आधी भरून वाळलेला असावा. मेम्ब्रेन काटकोनात वळवले की ते मागे पोकळ राहते आणि पाय लागला की फाटते. कठड्यावर ते तयार छतापासून 200 मिमी वर जावे, वरची कड खाचेत किंवा धातूच्या पट्टीखाली दाबलेली असावी आणि त्यावर सीलंट असावे. नुसती चिकटवून सोडलेली कड दोन-तीन पावसाळ्यांत सुटते.

प्रश्न : छताला लाकडी फळ्या आहेत. टॉर्च वापरता येईल?

थेट फळ्यांवर मुळीच नाही. ज्योत फटीतून आत ओढली जाते, भुसा धुमसतो आणि माणसे खाली उतरल्यावर पेट घेतो. आधी खिळ्यांनी बेसशीट (मेम्ब्रेनखालचा पहिला थर) ठोका आणि वर स्वयंचिकट किंवा थंड चिकटद्रव्याने बसणारे एसबीएस जातीचे (रबरासारख्या डांबराचे) मेम्ब्रेन घ्या. कठडा, पाइप अशा अरुंद जागी तर ज्योत टाळाच. दुसऱ्या कुठल्याही छपरावर टॉर्च चालली, तरी हाताशी अग्निशामक असावा आणि शेवटची ज्योत विझल्यावर दोन तास एक माणूस छतावर थांबलेला असावा. या अटीत सवलत देऊ नका.

प्रश्न : मेम्ब्रेन एपीपी जातीचे घ्यावे की एसबीएस?

एपीपी प्लास्टिकच्या गुणाचे, उष्णतेत कमी मऊ पडते, टॉर्चला सोपे. एसबीएस रबरासारखे, ताणून परत येते, कडक थंडीत तडकत नाही, पण उन्हापासून त्याला खनिज कणांचे आवरण हवेच. हलणारी इमारत किंवा थंड प्रदेश असेल तर एसबीएस. कडक ऊन आणि पक्का काँक्रीट स्लॅब असेल तर एपीपी पुरते.

प्रश्न : ढाळ दिला आहे, तरी आउटलेटभोवतीच पाणी साचते. असे का?

कारण सगळे थर तिथेच एकावर एक येतात. मूळ मेम्ब्रेन, आउटलेटचा जादा तुकडा, वर दाबकडे (मेम्ब्रेन आउटलेटवर दाबून धरणारे कडे), असे मिळून 10-12 मिमीचा उंचवटा होतो आणि पाणी त्याच्या बाहेर तळे करते. म्हणून आउटलेटभोवती 600 × 600 मिमीची जागा ढाळ देतानाच 20 ते 25 मिमी खोल ठेवायची असते.

ढाळही तपासा. तयार छतावर 1:80 पेक्षा कमी उतार कुठेच नको, आणि त्यासाठी नकाशात 1:40 धरावा लागतो. स्लॅबची झोळ आणि गवंड्याच्या हातातला फरक मधले अंतर खाऊन टाकतात. आउटलेटपासून 8 मीटर लांब असलेल्या टोकाला 1:80 ने 100 मिमी उंची लागते. दोरी ताणून मोजा. पाऊस थांबल्यावर 48 तासांनी जिथे पाणी उरते, त्या जागेभोवती खडूने रेघ मारा. ढाळ दुरुस्त करायचा तो तिथेच, आणि मेम्ब्रेन बसण्याआधी.