गवंडी बोलवायचा की डॉक्टर?

प्रश्न : मी एका संस्थेत काम करते. नुकतंच आमचं अपंगत्वाविषयी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. 'वैद्यकीय मॉडेल' आता जुनं झालं, 'सामाजिक मॉडेल' मानायचं, असं तिथे सांगितलं. म्हणजे माणूस शरीरामुळे अपंग होत नाही, समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांमुळे होतो. मला फार पटलं. घरी येऊन धाकट्या बहिणीला उत्साहाने सांगितलं. तिला नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. ती म्हणाली, "रॅम्प बांधला की माझी बोटं दुखायची थांबणार का?" मला उत्तर सुचलं नाही. चूक तिची की मॉडेलची?

उत्तर : थोडी तुमची. सकाळी उठल्यावर जिची मूठ तास-तासभर वळत नाही, तिला अपंगत्व म्हणजे काय हे तुम्ही दोन दिवसांच्या शिदोरीवर सांगायला गेलात! (रागावू नका. मला हे माझ्या भावाने सांगितलं होतं, तेही कागदावर चौकोन-बाण काढून.) बहिणीचा प्रश्न मात्र अस्सल आहे. त्याचं उत्तर मला पुस्तकाआधी बाथरूमच्या दारात मिळालं.

माझा मणका मोडला त्याला १६ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी एकच ध्यास घेतला होता, मी चालत बाथरूमपर्यंत जायचं. पायांना कॅलिपर, हातात वॉकर आणि अंतर अकरा पावलांचं. चांगल्या दिवशी वीस मिनिटं लागायची, वाईट दिवशी मी वाटेतच पडायचे. चालतच का जायचं? तर व्हीलचेअर आत जात नव्हती. खुर्ची २५ इंच, दार २४ इंच. माझ्या पायांतला जोर दर पंधरवड्याला मोजला जायचा, दार कुणी मोजलं नव्हतं. एकदा ओल काढायला आलेला गवंडी माझी कसरत बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, चौकट काढून रुंद करून देऊ का?" एका दुपारचं काम. तीन-चार दिवसांनी प्लास्टर सुकल्यावर मी खुर्चीवरून आत गेले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच दार आतून लावून घेतलं.

सामाजिक मॉडेल म्हणतं ते एवढंच. पाय चालत नाहीत ही शरीराची क्षती. बाथरूमला जाता येत नाही हे अपंगत्व, आणि ते दाराने दिलेलं. या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या त्या अपंग माणसांनीच. ब्रिटनमध्ये पॉल हंट यांनी १९७२ साली एका वृत्तपत्राला पत्र लिहिलं, की अपंगांना संस्थांमध्ये कोंडून ठेवलं जातं, त्याविरुद्ध एकत्र येऊ या. त्यातून एक संघटना उभी राहिली आणि १९७६ मध्ये तिने आपली मूलतत्त्वं छापली. 'सामाजिक मॉडेल' हे नाव त्या विचाराला समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये दिलं. ते स्वतः व्हीलचेअर वापरत. त्याच संघटनेतल्या व्हिक फिंकेलस्टाइन यांनी एक कल्पित गाव रंगवलं होतं. तिथे सगळेच व्हीलचेअरवर, म्हणून छतं आणि दारं बुटकी. चालणारी माणसं तिथे राहायला आली तर त्यांची डोकी सारखी आपटतात. मग डॉक्टर त्यांना तपासतात, शिरस्त्राणं देतात, आणि त्यांच्या मदतीसाठी निधीही गोळा होतो. दारं उंच करावीत हे मात्र डॉक्टरांना सुचत नाही, शेवटी ते सुचतं डोकी आपटणाऱ्यांनाच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले होते, आणि मग लगेच ते दार आठवलं.

आता दुसरी बाजू. त्याच रुंद दाराच्या घरात रात्री दोन वाजता माझे पाय आपोआप आखडतात, झटके देतात, झोप मोडते. वर्षातून एकदा तरी लघवीच्या संसर्गाने ताप चढतो. तिथे गवंडी काय करणार? तिथे गोळी लागते, डॉक्टर लागतो, आणि तो चांगला लागतो. या दुखण्याला 'समाजाने लादलेलं' म्हणणाऱ्याला मी एक रात्र मुक्कामाला बोलवीन. तुमच्या बहिणीने विचारलं तेच जेनी मॉरिस आणि लिझ क्रो यांनी नव्वदच्या दशकात विचारलं होतं. दोघी स्वतः अपंग, दोघी त्याच चळवळीतल्या. त्यांचं म्हणणं असं, की अडथळ्यांविरुद्ध भांडता भांडता आपण शरीराबद्दल बोलायचंच सोडून दिलं. वेदना, थकवा, काहींच्या बाबतीत वाढत जाणारा आजार हेही आमच्या आयुष्यात आहे. त्याचा उच्चार केला की लोक पुन्हा 'बिचारी' म्हणतील, या भीतीने ते दडवायचं का?

म्हणून मॉडेल खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. समोर अडचण आली की ती कुणाच्या दारात न्यायची, ते त्यातून कळतं. गवंड्याचं काम डॉक्टरकडे नेलं की माझ्यासारखी दोन वर्षं जातात. डॉक्टरचं काम गवंड्याकडे नेलं की बहीण म्हणते तसं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केलेल्या आरोग्य आणि अपंगत्वाच्या वर्गीकरणात दोन्ही बाजू धरल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेला अपंगांच्या हक्कांचा करारही क्षती आणि अडथळे यांच्या परस्परसंबंधातून अपंगत्व घडतं, असंच मानतो.

बहिणीच्या बोटांकडे येऊ. सूज आणि कळा औषधाच्या. पण तिच्या कामाच्या जागी दाराला गोल मूठ आहे का? गोल मूठ फिरवायला आवळावी लागते, खाली दाबायची दांडी कोपरानेही उघडते. काम सकाळी नऊलाच सुरू करायची सक्ती आहे का? तिचे सांधे अकराला मोकळे होत असतील, तर दोन तास पुढे सरकवल्याने कुणाचं काय बिघडतं? बोलून टाइप करायला दिलंय का? या सोयींना त्या करारात 'वाजवी सोय' म्हटलंय, आणि ती नाकारणं हा भेदभावच धरलाय. "तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील," असं तिला कुणी ऐकवलं असेल, तर तो अडथळा बोटांत नाही.

हे सगळं झालं तरी काहीतरी उरेल, ना औषधाने जाणारं, ना दांडीने. ते उरतंच. त्या संध्याकाळी तिला कुठलंच मॉडेल ऐकवू नका.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने तीन पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधला. एकूण चढ ४५ सेंटीमीटर, रॅम्पची लांबी दोन मीटर. वर्षभरात एकही व्हीलचेअर आली नाही. समितीत म्हणतात, गरजच नव्हती. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुम्ही आकडे दिलेत हे उत्तम. तुमच्याकडे घसरगुंडी आहे. सर्वसाधारण नियम एकास बाराचा, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला १२ सेंटीमीटर लांबी. ४५ सेंटीमीटरला ५ मीटर ४० सेंटीमीटर हवेत, तुम्ही दोन मीटरमध्ये उरकलंय. त्यावर मी चढायला गेले तर खुर्ची मागे उलटेल.

जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या, मध्ये सपाट टप्पा द्या. वर पोहोचल्यावरही दारासमोर सपाट जागा हवी, वळायला साधारण दीड मीटर. नाहीतर एका हाताने चाक रोखायचं आणि दुसऱ्या हाताने अंगावर येणारं दार ओढायचं. मला दोनच हात आहेत, आणि खुर्चीला उताराचंच प्रेम जास्त. गुळगुळीत फरशी नको. दोन्ही बाजूंना कठडा हवा. तो काठी टेकत येणाऱ्या आजोबांनाही लागतो.

मग आत काय आहे? कपाटांमधल्या वाटा किती रुंद? नोंदणीचं टेबल माझ्या हनुवटीच्या वर नाही ना? स्वच्छतागृह? आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तुमची पुस्तकांची यादी संगणकाला वाचून दाखवता येते का, की कागदाचे फोटो काढून टाकलेत? रॅम्पने त्याचा काडीचा फायदा होत नाही.

"कुणी आलं नाही" याबद्दल एक सांगते. मी कुठेही जाण्याआधी फोन करते. "पायऱ्या आहेत का?" "नाही नाही." मग थोडं थांबून, "म्हणजे दोनच आहेत." या 'दोनच'मुळे मी किती ठिकाणी गेले नाही त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. तुमच्या दारातून परत फिरलेल्यांचीही नसणार. समितीची पुढची बैठक रॅम्पच्या पायथ्याशी घ्या आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या माणसाला रीतसर मानधन देऊन बोलवा. पंधरा मिनिटांत कळेल.

प्रश्न : रस्त्यात व्हीलचेअरवरचं कुणी अडलेलं दिसलं तर मदत करावी का? अपमान तर वाटणार नाही?

उत्तर : विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लोक बहुतेक वेळा पहिलं करतात, दुसरं विसरतात. "कुठे धरू?" हेही विचारा, कारण खुर्चीचे काही भाग काढता-घालता येतात. एकदा एका सद्गृहस्थांनी मला पायरीवरून चढवण्यासाठी न विचारता जोर लावून खुर्ची उचलली. मी पायरीखाली होते तिथेच राहिले. ते मात्र वर पोहोचले, हातात नुसता आर्मरेस्ट घेऊन.