उरल्या वेळातला नाच

प्रिय लेकरा,

रविवारी तुम्ही दोघी येऊन गेलात. पायरीवर चपला घालता घालता तुझी आई म्हणाली, "ताई, आता तुमीच सांगा हिला, आमचं कुठं ऐकती ही." तू खाली मान घालून उभी. मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते. म्हणून हे पत्र.

सकाळी संख्याशास्त्राचं बीएस्सी, दुपारी कथक नृत्याची पदवी. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एका वेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली, अट एवढीच की दोन्हीकडचे तास एकमेकांवर येऊ नयेत. पहिल्या वर्षी ते जमलं. आता प्रॅक्टिकल दुपारी सरकलं आणि सगळं कोलमडलं. तुझा उपाय काय, तर नृत्य सोडायचं, एमएस्सी झाली की परत धरायचं, तोवर "वेळ मिळेल तसं" करायचं.

त्या तीन शब्दांवर माझं डोकं फिरलं. वेळ मिळत नसतो गं. उरलेल्या वेळात नाच होत नाही.

पदवी सोडलीस तर माझी तक्रार नाही, हे आधी सांगते. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेऊन बघ, तुझ्या कॉलेजात विषय असेल तर. पण हिशेब तुझा तूच कर, संख्याशास्त्राची आहेस. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे सत्राला साठ तास, आठवड्याला चार. वर्गात वीस मुली असतील तर तुझ्या एकटीच्या पायांकडे कोण किती वेळ बघणार? मेजर असो, मायनर असो, नाहीतर गांधर्व मंडळाची परीक्षा असो, पाय घरीच तयार होतात. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात. एक सत्र हुकलं तर दुसरं आहे. सकाळ हुकली तर ती गेली.

आता माझं ऐक. तुझ्याच वयात मीही असंच बोलले होते. मंडळाची मध्यमा पूर्ण परीक्षा झाली होती, पुढच्या विशारदचा अर्ज भरायचा होता, तेवढ्यात एमएस्सी गणिताला नंबर लागला. म्हटलं, दोनच वर्षं. मग नोकरी लागली. ती घेतली याचं मला जराही वाईट वाटत नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर मी आजही भांडते. वडिलांची कोरडवाहू जमीन, पाठचे दोन भाऊ शिकायचे, पगार पहिल्या तारखेला लागायचा. माझ्या जागी दुसऱ्या कुणी काय वेगळं केलं असतं?

पण सकाळचा अर्धा तास माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. वडिलांनी नाही, भावांनी नाही, कॉलेजनं तर नाहीच. तो मीच देऊन टाकला, न मागता. घुंगरं पेटीत गेली आणि अकरा वर्षं पेटीतच राहिली.

अकरा वर्षांनी परत बांधली तो दिवस सांगते. वही घेऊन बसले होते. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, उठून पुढच्या समेवर यायचं तर तिहाईला, तीनदा घ्यायच्या एकाच बोलाला, सतरा मात्रा लागतात. पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये एकेक मात्रा दोनदा सोडायची. पंधरा आणि दोन, झाले सतरा. कागदावर चोख. लेहरा, तालाबरोबर फिरणारी धून, लावला, उभी राहिले, आणि तिसऱ्या 'धा'ला लेहरा समेवर पोचून पुढे निघालेला, माझा पाय अजून हवेत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तोंडानं मात्रा बरोबर मोजत होते आणि शरीर दर वेळी अर्ध्या मात्रेनं मागे. स्वयंपाकघरातून आई विचारत होती, काय आपटतंय गं.

पुढे सत्कार-समारंभांत मी "गणित आणि नृत्य एकच" असं पुष्कळदा बोलले. टाळ्या पडतात. तू या वाक्याला भुलू नकोस. गणित मला अकरा वर्षांनीही येत होतं.

म्हणून वेळापत्रक करशील तेव्हा रियाज आधी लिही, शाईनं. लेक्चर, प्रॅक्टिकल, मेस, झोप नंतर. चाळीस मिनिटं पुरेत. ठाय, दुगुन, चौगुन अशा चढत्या लयीत तत्कार, म्हणजे पायांचे बोल, एक जुना तोडा, शेवटी पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं. परीक्षेच्या महिन्यात वीस मिनिटं कर, पण शून्य करू नकोस. वीस आणि शून्य यांत फक्त वीसचा फरक असतो असं तुला वाटत असेल तर तुझं संख्याशास्त्रही कच्चंच आहे.

होस्टेलवाल्या कटकट करतात, हे मला कळतं. घुंगरं बांधू नकोस मग. तसाही घुंगरांच्या आवाजात कच्चा पाय झाकून जातो. अनवाणी कर, सतरंजी पसरू नकोस, पाय सरकतो. पहाटे पाण्यासाठी रांग असते म्हणालीस ना? बादली रांगेत ठेव आणि हातावर ताल धरून पढंत कर. लोक बघतील. बघू देत. मी मराठवाडा एक्सप्रेसमध्ये परभणी ते जालना धमार तालाचे बोल म्हणत गेलेली बाई आहे. समोरच्या आजोबांनी मला प्रसाद दिला, त्यांना वाटलं काहीतरी स्तोत्र चाललंय.

आणि एक कर. दोन वर्षं झाली तिकडे राहून, बीबीच्या मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी अजून पाहिली नाहीस म्हणालीस, याचा मला खरंच राग आला. सातव्या लेण्यात गाभाऱ्यात जा. मध्ये नाचणारी, दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या बायका. वेरूळच्या नटराजाला सगळे जातात, हिच्याकडे फारसं कुणी जात नाही. तिच्या कमरेचा बाक बघ आणि तसं उभी राहून बघ, किती वेळ टिकतेस. मला दहा आकड्यांच्या पुढे जमलं नाही. गुडघा बोलला.

बाबांशी मी बोलेन. त्यांना तुझ्या मार्कांची काळजी आहे, ती रास्त आहे. त्यांना मी पदवीचं काहीही कबूल करेन, ती चाळीस मिनिटं मात्र कबूल करणार नाही. त्यांना वाटेल ही बाई स्वतःचं राहिलेलं माझ्या पोरीकडून करून घेतेय. वाटू दे. थोडं खरंही असेल.

तू घुंगरांची पिशवी इथंच विसरलीस. विसरलीस की ठेवून गेलीस ते विचारत नाही. उघडून पाहिली तर पितळेवर हिरवट कळंक चढलेला, डाव्या पायाची दोरी दोन ठिकाणी विरलेली. चिंचेच्या कोळानं घासून वाळत घातलीत. दोरी नवी आणली आहे, पण ओवून ठेवणार नाही. शंभर आणि शंभर, तुझी तूच ओव. शनिवारी गाडीनं येशील तेव्हा वेळापत्रक घेऊन ये, पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर परत पाठवीन.

तुझी
ताई